बिराजदार सरांचं ऊन

साखर मागायला येणारे शेजारी मी पाहिले, विरजण मागायला येणारे पाहिले. ऊन मागायला आलेला माणूस मात्र जन्मात एकच पाहिला, तो म्हणजे बिराजदार सर.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. सोलापुरात आम्ही एका घराच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहत होतो. त्याच मजल्यावर दोन खोल्या बिराजदार सरांच्या. वर एकच गच्ची, दोघांत मिळून. आता गच्ची दोघांची म्हणजे उन्हाळ्यात ती माझीच, हे कुणाला सांगायची गरज नव्हती. कुरडया, सांडगे, पापड, मिरच्या. पाय ठेवायला जागा नसायची आणि कुणी पाय ठेवलाच तर माझं तोंड होतंच.

अशात एका सकाळी सर दारात उभे. हडकुळे, उंच, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, बुशशर्टाच्या खिशाला शाईसारखा डाग आणि उजव्या हाताची बोटं पार निळी. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतात एवढंच मला माहीत.

"वैनी, अकरा ते तीनचं ऊन तुम्हाला सगळं लागतं का ओ?"

मला आधी कळेचना. "म्हणजे काय?"

"नाही, थोडं उरत असलं तर मला पाहिजे होतं."

"सोलापूरचं ऊन काय कमी पडतंय होय सर? न्या की पोतं भरून!"

"तसं नव्हे. जिथं टाकीची सावली पडत नाही अशी जागा पाहिजे. ती तुमच्या मिरच्यांनी धरलीय."

इतकं गरिबाघरच्या पाहुण्यासारखं बोलले की मला नाही म्हणवेना. दुसऱ्या दिवशी माझ्या मिरच्या टाकीच्या सावलीला गेल्या आणि त्यांच्या जागी पांढरे इनॅमलचे ट्रे आले. ट्रेत निळंशार पाणी, त्यात चिमूटभर पांढरी पावडर. सर छत्री घेऊन शेजारी उकिडवे बसायचे आणि काडीनं पाणी ढवळायचे. छत्री स्वतःच्या डोक्यावर, ट्रेवर सावली पडली तर चटकन मागं सरकायचे. तीन वाजेपर्यंत पाणी फिकट व्हायचं आणि मग अगदी नितळ.

आमच्या सासूबाईंनी हा प्रकार चार दिवस पाहिला. त्यांना वाटलं, सर कपड्याला घालायची नीळ तपासून बघताहेत. पाचव्या दिवशी त्यांनी जिन्यात गाठून सांगितलं, "अहो सर, दुकान बदला. फसवलं तुम्हाला. ही नीळ उडती!"

सरांनी हसावं की नाही? नाही हसले. हात जोडून म्हणाले, "ती उडावी म्हणूनच तर बसलोय, आई." सासूबाई घरात येऊन मला म्हणाल्या, "बिचारा. बायको गावाकडं असती ना."

बायको खरंच मैंदर्गीला असायची. शेत होतं, म्हातारे आईवडील होते. सर दर शनिवारी एस. टी. नं जायचे, सोमवारी पहाटे परत यायचे ते कडक भाकऱ्यांची चवड आणि शेंगाचटणी घेऊन. त्यातली निम्मी आमच्याकडं यायची. गच्चीचं भाडं, म्हणायचे.

त्यांचं कानडी-मराठी असं काही मिसळलेलं होतं की वेगळं काढता यायचं नाही. आश्चर्य वाटलं की "अय्यो शिवने!" आणि कुणावर राग आला की "इरली बिडी." म्हणजे असू द्या, सोडा. विद्यार्थ्यानं परीक्षानळी फोडली, इरली बिडी. प्राचार्यांनी प्रयोगशाळेची किल्ली काढून घेतली, इरली बिडी. मला या दोन शब्दांचा मनस्वी राग यायचा. एखाद्याला दोन शिव्या घालायच्या सोडून हा माणूस असू द्या म्हणतो! अशानं जग चालतं का?

एकदा मी विचारलंच, की पावडर आहे तरी कसली. म्हणाले, जस्ताची. उजेड पडला की तिचा कण जागा होतो आणि पाण्यातल्या हवेला हाताशी धरून रंग तोडून टाकतो. पावडर झिजत नाही, ऊन तर फुकटच. "गॅसला पैसे पडतात वैनी, रॉकेलला रांग लावावी लागते. ऊन घरपोच येतं आणि आपण दार लावून झोपतो." हे वाक्य ते इतक्यांदा म्हणायचे की आमच्या घरी दुपारी कुणी आडवं झालं की सगळेच ते म्हणायला लागले.

पण पावडर बारीक पाहिजे. बारीक म्हणजे किती, तर त्याला अंतच नाही. "गुळाचा अख्खा खडा ठेवा आणि तेवढाच गूळ चुरून ठेवा. मुंग्या कुठं जास्त लागतील? उन्हाचं तसंच. जितका चुरा, तितकं त्याला धरायला अंग." पुढं कधीतरी लोक असा चुरा करतील की तो सूक्ष्मदर्शकातही दिसायचा नाही, असं ते म्हणायचे आणि डोळे असे चमकायचे, जणू त्यांच्या मुलाचं लग्न ठरलंय.

तोवर चुरा करायला होता एक दगडी खल. त्यांच्याकडं जो कुणी गप्पा मारायला येई त्याच्या हातात सर खल देत. पोस्टमन असो, सहकारी प्राध्यापक असो, भिशीचे पैसे गोळा करणारी बाई असो. बोला निवांत, पण घोटत बोला. आमचे हे होटगी जंक्शनला नोकरीला. ड्यूटीवरून दमून आले की सरांकडं टेकायला जायचे आणि दंड चोळत परत यायचे. एकदा सर मला म्हणाले, "वैनी, एक निरीक्षण सांगू का? त्या दिवशी तुम्ही आणि समोरच्या बाई बसून तुमच्या नणंदेबद्दल बोलत होता ना, त्या दिवशीची पावडर आजवरची सगळ्यात बारीक." मी लाल झाले. पण खोटं काय होतं त्यात?

हे सगळं खेळासारखं चाललं होतं तोवर ठीक होतं. खेळ खरा झाला तो नरसय्यामुळं.

नरसय्या म्हणजे आमच्या गल्लीच्या टोकाचा रंगारी. चादरीच्या कारखानदारांच्या सुताच्या लडी त्याच्याकडं रंगायला यायच्या. घरी तेलुगू, बाहेर आमचं सोलापुरी मराठी, आणि बोलणं सगळं रंगाबद्दल. त्याच्या कारखान्याचं पाणी मागच्या नाल्यात जायचं आणि नाल्यातून मुरून गल्लीच्या विहिरीत. एक दिवस विहिरीचं पाणी गुलाबी आलं. मी घागर घेऊन तशीच त्याच्या दारात गेले आणि असा तोंडाचा पट्टा सोडला की लडी वाळत घालणारी माणसं काम सोडून बाहेर आली. पुढं महापालिकेच्या आरोग्य खात्याचे साहेब आले आणि सांगून गेले, पाणी स्वच्छ करून सोडा, नाहीतर कारखान्याला कुलूप.  नरसय्याकडं दहाबारा घरं जगत होती. मला विहीर स्वच्छ पाहिजे होती, त्यांच्या चुली विझवायच्या नव्हत्या.

सरांना कुणी सांगितलं नव्हतं. ते आपणहून नरसय्याकडं गेले, बाटलीभर पाणी घेऊन आले आणि ट्रेत ओतलं. संध्याकाळपर्यंत रंग गेला. आम्ही टाळ्या पिटल्या. पण पाणी बघतो तर पांढरं! पावडर इतकी बारीक झाली होती की ती तळाला बसेचना. नरसय्यानं पेला डोळ्यांसमोर धरला आणि म्हणाला, "ओ सर, निळं पानी दिलं, ताक करून परत दिलं की तुमी."

गल्लीत महिनाभर हाच विनोद चालला. सर मात्र जेवण विसरले. जाड पावडर तळाला बसते पण काम करत नाही, बारीक काम करते पण बसत नाही. शेवटी त्यांनी पावडर पाण्यात टाकायचीच सोडली. चपटी कौलं घेतली, जस्ताच्या द्रावणात भिजवली आणि कुंभाराच्या भट्टीत भाजून आणली. कौलावर पांढरी साय धरली, खरवडली तरी निघेना. मग नरसय्याच्या अंगणात उतरती फळी करून त्यावर कौलं मांडली. वरून रंगाचं पाणी सोडायचं, ते पातळ होऊन उन्हातनं खाली येणार, खालचं परत वर ओतायचं. दोन वाजेपर्यंत बादलीतलं पाणी असं नितळ झालं, की तळाचा गंज दिसायला लागला.

मी नरसय्याकडं पाहिलं. वाटलं होतं, उड्या मारेल. तर त्याचं तोंड उतरलेलं.

"सर," तो हळूच म्हणाला, "हे तर माझंच रंग उडवालंय."

"हो की! त्यासाठीच तर केलं."

"व्हय," तो म्हणाला, आणि आत निघून गेला. सर एवढे खुशीत होते की त्यांच्या काही लक्षात आलं नाही.

साहेबांना दाखवायचा दिवस ठरला, शुक्रवार. साहेब आले, सरांचे प्राचार्य आले, नरसय्याला काम देणारे चार कारखानदारही आले. कारखाना बंद पडला तर त्यांच्या चादरी अडणार होत्या ना. खुर्च्या मांडल्या, चहा झाला. पाण्याची बादली नरसय्यानं स्वतः भरून आणली. सरांनी अकराला पहिला तांब्या ओतला. ऊन असं की फरशीवर पाय ठरेना. झकास दिवस!

एक वाजला. पाणी लाल. दोन वाजले, पाणी लाल. सर तांब्यामागून तांब्या ओतताहेत, घाम नाकावरून गळतोय, भस्म पुसलं गेलंय. तीनला साहेबांनी घड्याळ पाहिलं. प्राचार्य खोकले. कारखानदार एकमेकांच्या कानात काहीतरी बोलले.

तेव्हा सरांनी खिशातला पांढरा रुमाल काढला, त्याचं टोक बादलीत बुडवलं आणि नळाखाली धरून चोळलं. क्षणभर बघितलं. मग घडी करून रुमाल खिशात टाकला.

"माफ करा," ते साहेबांना म्हणाले. "चूक माझी आहे. कौलं नीट भाजली गेली नाहीत."

"मग आता सोमवारी कुलूप लावावं लागेल," साहेब म्हणाले आणि उठले. त्यांचा तरी काय दोष? गुलाबी विहीर त्यांनाही दिसत होती.

संध्याकाळी मी सरांच्या दारात उभी. "तो रुमाल दाखवा."

नको नको म्हणाले, पण दाखवला. टोक लालभडक, धुऊनही तसंच.

"रोजचा स्वस्त रंग असता तर नळाखाली निघून गेला असता," सर म्हणाले. "नाल्यात जातो तो तसलाच. हा नरसय्याचा पक्का गडद लाल, मरून रंग आहे. महागाचा. याचा थेंबसुद्धा तो वाया जाऊ देत नाही. आज बादलीभर ओतला त्यानं."

माझं डोकंच फिरलं. त्याचा कारखाना वाचवायला हा माणूस उन्हात करपला, प्राचार्यांपुढं तोंडघशी पडला, आणि त्यानंच बादली बदलावी? मी पदर खोचून जिन्याकडं वळले तर सर आडवे आले.

"इरली बिडी, वैनी."

"काय इरली न् काय बिडी! तिथल्या तिथं सांगायचं होतं की, हा पक्का रंग आहे म्हणून!"

"चार कारखानदार बसले होते. त्यांच्यापुढं त्याला खोटं पाडलं असतं तर साहेबांनी कारखाना चालू ठेवला असता. पण परत लडी कुणी टाकल्या असत्या त्याच्याकडं? कुलूप न लावताच बंद पडला असता."

 पण गप्प बसणं माझ्या रक्तात नाही. शनिवारी सकाळी मी नरसय्याकडं गेले आणि उकळत्या रंगाच्या हंड्याशेजारी उभी राहून त्याला सगळं सुनावलं. तो हंडा ढवळत राहिला. मग म्हणाला, "तुमाला कळंना वैनी. माझ्या बापानं रंगवलेली चादर आज बी लोकांच्या घरात हाय. नरसय्याचा रंग उडत न्हाय, एवढीच आमची इस्टेट. कारखानदारांच्या देखत तो भर उन्हात पान्यासारखा झाला असता तर? लोक म्हनले असते, चादर बी अशीच हुनार."

"अरे, पण कुलूप लागतंय की सोमवारी!"

"लागूं दे म्हनलं. नाव तरी ऱ्हाईल."

मग मी त्याला रुमालाचं सांगितलं. सर काय म्हणाले तेही सांगितलं. हंडा ढवळणारी काठी त्याच्या हातात तशीच राहिली. "सरला ठाव हुतं? तवाच?" एवढंच दोनदा विचारलं त्यानं.

त्या शनिवारी सर मैंदर्गीला गेले नाहीत. मागच्या अंगणातून आवाज आला म्हणून नरसय्या बघायला गेला, तर सर तांब्या घेऊन उभे. कालचंच पाणी कौलांवर ओतताहेत. नरसय्याला बघून म्हणाले, "मारक्या बैलासारखा आहे की रे तुझा मरून. हलेना." नरसय्यानं त्यांच्या हातातला तांब्या घेतला. दोघं दिवसभर ओतत राहिले. रविवारीही. लक्ष्मीबाई, नरसय्याची बायको, मला सांगत होती की दोघांत दहा वाक्यंही झाली नाहीत. रविवारी दुपारी पाणी गुलाबी झालं. ऊन कलता कलता ते गेलं.

सोमवारी साहेब कुलूप घेऊन आले तेव्हा अंगणात चारही कारखानदार बसलेले. नरसय्यानंच बोलावले होते. त्यानं डोक्याचा रुमाल काढून हातात घेतला आणि उभा राहून म्हणाला, "शुक्रवारी बादली मी बदलली. रोजचं पानी घालायचं सोडून माझं पक्कं मरून घातलं. सरची काय बी चूक न्हाय. माझा रंग तुमच्यासमोर उडू नये म्हनून केलं. आता तो बी गेला, हे बघा." आणि नितळ पाण्याची बादली पुढं ठेवली.  माझे डोळे भरून आले, का खोटं सांगू?

 मग सगळ्यांत म्हातारे कारखानदार बादलीत वाकून बघत म्हणाले, "अरे बाबा, साधा रंग दुपारभरात जातोय आणि तुझ्या मरूनला तीन दिवस लागले? एवढ्या जालीम औषधापुढं? मग चादरीवर तो कुठं जातोय! माझ्या पुढच्या लडी मरूनच काढ." आणि सगळे एकदम हसायला लागले. नरसय्याला हसावं की रडावं कळेना.

साहेब सरांकडं वळले. "तुम्हाला माहीत होतं तर बोलला का नाहीत?"

सर खाली बसून एक कौल निरखत होते. "नाही, कौलंही थोडी कच्चीच होती," ते म्हणाले. खोटं बोलायची इतकी वाईट पद्धत मी दुसऱ्या कुणाची पाहिली नाही.

कुलूप साहेब परत घेऊन गेले. नरसय्याला मुदत मिळाली, अंगणभर उतरत्या कौलांचे थर लागले आणि विहिरीचं पाणी हळूहळू पाण्याच्या रंगाचं झालं. पावसाळ्यात ऊन नसलं की पाणी हौदात साठवून ठेवावं लागायचं, कौलांवर शेवाळ धरायचं, ती घासावी लागायची. असल्या कटकटी चालूच राहिल्या. सरांनी त्यावर काही लिहिलं का, त्यांना कुठली पदवी मिळाली का, मला ठाऊक नाही. मी विचारलं तेव्हा उत्तर काय आलं असेल ते सांगायला नको.

पुढं सर निवृत्त होऊन मैंदर्गीला गेले. निघताना नरसय्यानं त्यांना एक चादर दिली. सूत स्वतः रंगवलेलं, तोच पक्का मरून, आणि कारखानदारांकडून मुद्दाम विणून घेतलेली. "कशी बी वापरा सर. उन्हात टाका, पान्यात टाका. रंग हाय तसा ऱ्हाईल," म्हणाला. आणि त्यानंतर मैंदर्गीकडचं कुणीही भेटलं की त्याचा पहिला प्रश्न सरांच्या तब्येतीचा आणि दुसरा चादरीचा.

काही वर्षांनी एका लग्नाला मी मैंदर्गीला गेले, तेव्हा सरांचं घर शोधत गेले. हिवाळा होता. सर अंगणात भर उन्हात खुर्ची टाकून बसले होते, अगदी वाळलेले, गुडघ्यांवर ती चादर. मला ओळखलं त्यांनी, पण "या वैनी" म्हणायच्या आधी गडबडीनं चादर उचलली आणि उलटी करून परत पसरली. तरी मला दिसायचं ते दिसलंच. वरची बाजू उडून फिकट गुलाबी झाली होती.

 चहा झाला, सरांच्या बायकोनं भाकरी बांधून दिली, सगळ्यांची चौकशी झाली. निघताना सर हळू आवाजात म्हणाले, "नरसय्या चादरीचं विचारील."

"विचारीलच की. रोज विचारतो."

"नवी कोरी आहे म्हणा. रंगात काही खोट नाही हो त्याच्या. मीच सारखा उन्हात बसतो, चूक माझी आहे."

"तसंच सांगते," मी म्हटलं. 

फाटकापाशी जाऊन मी वळून पाहिलं. मी गेले असं समजून सरांनी चादर पुन्हा फिरवली होती. उडालेली बाजू उन्हाकडं केली होती आणि मरून बाजू आत, गुडघ्यांशी झाकून घेतली होती, नरसय्या कधी आलाच तर दाखवायला.